पार, कट्टा, संघ : नांदेड-लातूरच्या ज्येष्ठ नागरिक संघांची वाटचाल

संस्थेचा इतिहास लिहायचा म्हटले की स्थापनेची तारीख, पहिली कार्यकारिणी आणि इमारतीचे भूमिपूजन येथून सुरुवात करायची रीत आहे. ज्येष्ठ नागरिक संघांच्या बाबतीत ही रीत अपुरी पडते. बहुतेक ठिकाणी माणसे आधी जमली, एकमेकांची सवय झाली आणि मग कधीतरी कोणीतरी म्हणाले, ‘आता आपण नोंदणी करून घेऊ.’ कागदावरची तारीख म्हणून नेहमीच उशिराची असते. नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांत ही माणसे कोठून आली, का जमली आणि जमल्यावर त्यांनी काय केले, याची नोंद स्मरणिकेच्या निमित्ताने करून ठेवणे आवश्यक वाटते. ती करण्याजोगी माणसे अजून आपल्यात आहेत, हेही एक कारण आहे.

पेन्शनरांची पहिली मोठी पिढी

निजामी राजवटीतही सरकारी नोकराला निवृत्तीनंतर वजिफा मिळत असे. पण असे नोकर थोडे. बाकी सारा मुलूख शेतीवर जगणारा, आणि शेतकरी निवृत्त होत नाही. हातपाय चालतात तोवर तो आखाड्यावर जातो आणि थकला की गावातल्या पारावर बसतो. म्हातारपणासाठी वेगळी संस्था असावी, अशी गरज तेव्हा कोणाला भासली नाही.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान मुक्त झाले आणि चित्र बदलू लागले. १९५० मध्ये नांदेडला पीपल्स कॉलेज सुरू झाले. १९६१ मध्ये लातूरला दयानंद महाविद्यालय, १९६३ मध्ये नांदेडला यशवंत महाविद्यालय आणि १९७० मध्ये लातूरला राजर्षी शाहू महाविद्यालय निघाले. १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा कामाला लागल्या आणि गावोगाव शाळा उघडल्या. एस.टी., वीज मंडळ, पाटबंधारे, बँका, टपाल, महसूल अशा सर्वच खात्यांत मराठवाड्यातील मुले पहिल्यांदा मोठ्या संख्येने नोकरीला लागली. यांतील बहुतेकांच्या घराण्यात पगाराची नोकरी करणारे ते पहिलेच होते.

आता साधा हिशेब मांडू. १९६२ मध्ये बाविसाव्या वर्षी शाळेवर रुजू झालेला शिक्षक अठ्ठावन्नाव्या वर्षी, म्हणजे १९९८ मध्ये, निवृत्त झाला. नव्वदच्या दशकात आणि त्यानंतरच्या दहा-पंधरा वर्षांत आपल्याकडे संघांना बहर का आला, याचे उत्तर या हिशेबात आहे. १६ ऑगस्ट १९८२ रोजी उस्मानाबादपासून वेगळा लातूर जिल्हा झाला. जिल्ह्याची कार्यालये आली, त्यांच्याबरोबर कर्मचारी आले, त्यांनी घरे बांधली आणि ते येथेच निवृत्त झाले. नांदेडला १७ सप्टेंबर १९९४ रोजी स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले आणि त्या शहरातही नोकरदारांची वस्ती वाढत गेली.

ही सगळी माणसे बदल्यांच्या निमित्ताने दहा गावचे पाणी प्यायलेली. निवृत्तीनंतर मुलांचे शिक्षण आणि दवाखान्याची सोय पाहून ती शहराच्या नव्या वसाहतींत स्थिरावली. तेथे पक्के घर होते, नळ होता, दिवे होते. फक्त पार नव्हता. संघ जन्माला आला तो या उणिवेतून.

कट्टा ते नोंदणी

सुरुवात सगळीकडे जवळपास सारखीच झालेली दिसते. पहाटे फिरायला जाणारे चार-सहा जण एका ठरलेल्या जागी टेकू लागतात. ती जागा मंदिराचा ओटा असते, मैदानाची पायरी असते किंवा ले-आउटमधल्या खुल्या जागेतले सिमेंटचे बाकडे. वर्तमानपत्र मोठ्याने वाचले जाते. नांदेडला ‘प्रजावाणी’ नाहीतर ‘गोदातीर समाचार’, लातूरला ‘एकमत’. महागाई भत्त्याच्या थकबाकीवर चर्चा होते, कोण दवाखान्यात आहे याची विचारपूस होते. एखादा दोन दिवस आला नाही तर तिसऱ्या दिवशी दोघे त्याच्या घरी जाऊन येतात. संघाचे पहिले आणि सर्वांत मोलाचे काम हेच आहे, आणि त्यासाठी कोणत्याही ठरावाची गरज पडलेली नाही.

पुढे हास्यक्लब आले. डॉ. मदन कटारिया यांनी १३ मार्च १९९५ रोजी मुंबईत पाच जणांना घेऊन सुरू केलेला हा उपक्रम काही वर्षांतच जिल्ह्याच्या ठिकाणी पोहोचला. हास्यक्लबाने एक चांगली गोष्ट केली. निवृत्त उपजिल्हाधिकारी आणि निवृत्त शिपाई एका रांगेत उभे राहून हात वर करू लागले. नोकरीतली उतरंड इतक्या सहजपणे मोडणारे दुसरे साधन क्वचितच सापडेल.

कट्ट्याचा संघ करायचा तर संस्था नोंदणी अधिनियम, १८६० आणि महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० यांखाली नोंदणी करावी लागते. किमान सात सभासद, नियमावली, कार्यकारिणी, सभेचे इतिवृत्त, दरवर्षी लेखापरीक्षण, पदाधिकारी बदलले की धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज. इतर संस्था ज्या कामाला कंटाळतात, त्या कामासाठी संघाकडे माणसे तयारच होती. ज्यांनी आयुष्यभर टिपण्या लिहिल्या, कॅशबुक लिहिले, सेवापुस्तके सांभाळली, ती अधीक्षक, लेखापाल, मुख्याध्यापक मंडळी येथे सचिव आणि कोषाध्यक्ष झाली. अनेक संघांची इतिवृत्ते सुवाच्य अक्षरात आणि तारीखवार आहेत, ती या मंडळींमुळे.

राज्य पातळीवर ऐंशीच्या दशकापासून महाराष्ट्र ज्येष्ठ नागरिक महासंघ, म्हणजे फेस्कॉम, हे काम बांधत होता. गावोगावचे संघ त्याला संलग्न झाले, त्याचे ‘मनोहारी मनोयुवा’ मासिक संघांच्या टेबलावर येऊ लागले, आणि आपला प्रश्न एकट्या नांदेडचा किंवा लातूरचा नाही हे सभासदांना कळले. जागतिक पातळीवरही तोच काळ या विषयाचा होता. संयुक्त राष्ट्रांनी १४ डिसेंबर १९९० रोजी ठराव करून १ ऑक्टोबर हा ज्येष्ठांचा दिवस ठरवला, १९९९ हे ज्येष्ठांचे आंतरराष्ट्रीय वर्ष पाळले आणि त्याच वर्षी जानेवारीत भारत सरकारने राष्ट्रीय ज्येष्ठ नागरिक धोरण जाहीर केले.

संघाचे वर्ष

संघाचे वर्ष आपल्या मातीच्या सणवारांवर आणि पेन्शनरांच्या गरजांवर बेतलेले असते. दर महिन्याची सभा ठरलेली. त्यात त्या महिन्यात जन्मलेल्या सभासदांचे एकत्र अभीष्टचिंतन, दिवंगतांना श्रद्धांजली, एखादे व्याख्यान आणि शेवटी चहा-उपमा. पंच्याहत्तरी गाठलेल्यांचा सत्कार आणि सहस्रचंद्रदर्शन झालेल्यांचा विशेष मान हा वार्षिक सभेचा भाग असतो.

फेब्रुवारीत मराठी भाषा गौरव दिनाला काव्यवाचन होते. २१ जूनला योग दिन. आषाढीच्या सुमारास हरिपाठ आणि पंढरीची वाट, तर श्रावणात ज्ञानेश्वरीचे पारायण. १७ सप्टेंबरला मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन साजरा होतो. रझाकारांच्या काळात गाव सोडून रानात नाहीतर सरहद्दीपलीकडे राहिल्याच्या आठवणी, त्या वेळी लहान असलेले सभासद आजही सांगतात. १ ऑक्टोबरला ज्येष्ठ नागरिक दिन आणि पाठोपाठ कोजागरी. दिवाळीत नांदेडकर बंदाघाटावरच्या दिवाळी पहाटेला गोदावरीकाठी जाऊन बसतात.

नोव्हेंबर हा हयातीच्या दाखल्याचा महिना. बँकेत जाऊन यादीवर सही करायची, नाहीतर पेन्शन थांबते. संघाचे कार्यकर्ते या महिन्यात अंथरुणाला खिळलेल्या सभासदांच्या घरी बँकेचा माणूस नेतात किंवा मोबाइलवरून काम उरकून देतात. २०१४ मध्ये सुरू झालेल्या ‘जीवन प्रमाण’ सुविधेने ते सोपे झाले. १७ डिसेंबरला पेन्शनर दिन येतो. १९८२ मध्ये याच दिवशी सर्वोच्च न्यायालयाने नकारा खटल्यात निवृत्तिवेतन ही सरकारची मेहेरबानी नसून कर्मचाऱ्याचा हक्क आहे, असे सांगितले. आपल्या घरात महिन्याकाठी येणारी रक्कम कोणत्या आधारावर उभी आहे, हे त्या दिवशी नव्या सभासदांना समजावून सांगितले जाते.

मार्गशीर्षात नांदेडची मंडळी माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेला जातात, आणि लातूरला येळवस, म्हणजे वेळा अमावस्या, येते. त्या दिवशी शहर ओस पडते आणि शिवार भरते. ज्या सभासदाचे शेत जवळ आहे तो इतरांना बोलावतो. कडब्याच्या कोपीत पांडवांची पूजा, मग भज्जी, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर आणि मडक्यातले आंबील. ज्यांनी नोकरीपायी चाळीस वर्षे येळवस गावाकडे केली नाही, त्यांना संघामुळे ती परत मिळाली.

सहली हा आणखी एक आवडीचा भाग. माहूर, सहस्रकुंड, कंधारचा किल्ला, होट्टलची मंदिरे; तिकडे औसा आणि उदगीरचे किल्ले, खरोशाची लेणी, निलंग्याचे नीलकंठेश्वर मंदिर. इतिहासाचे निवृत्त शिक्षक बरोबर असले की सहलीला अभ्यासाचे रूप येते. उदगीरला २२ ते २४ एप्रिल २०२२ या काळात पंच्याण्णवावे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हा या भागातल्या जुन्या वाचकांना ग्रंथप्रदर्शन आणि परिसंवाद घराजवळ अनुभवता आले.

छंद आणि त्यांचा गावाला झालेला उपयोग

छंद म्हटले की भजन, बुद्धिबळ, कॅरम, परसबाग आणि अलीकडे कराओकेवरची जुनी हिंदी गाणी एवढे डोळ्यांसमोर येते. हे सगळे आहेच. हार्मोनियम आणि पखवाज निवृत्तीनंतर शिकायला घेणारे सभासद आहेत. उर्दू माध्यमातून शिकलेल्या जुन्या पिढीने गजलेची आवड येथे टिकवली. नरहर कुरुंदकर यांची व्याख्याने तरुणपणी ऐकलेल्या नांदेडकरांना चांगल्या भाषणाचे व्यसन लागले होते. १९८२ मध्ये कुरुंदकर गेले. त्यांचा श्रोता मात्र व्याख्यानमालांच्या पुढच्या रांगांत बसत राहिला आणि संघाच्या सभेतही तो वक्त्याला तयारी करून यायला लावतो.

आपल्या संघांचे वेगळेपण याच्या पुढे सुरू होते. ज्याला जे येत होते ते त्याने गावासाठी चालू ठेवले. गणित-इंग्रजीचे निवृत्त शिक्षक वस्तीतल्या मुलांच्या शिकवण्या विनामूल्य घेतात. पाटबंधाऱ्यातला अभियंता सोसायटीच्या विहिरीचे पुनर्भरण आखून देतो. महसुलातला अव्वल कारकून सातबारा आणि फेरफार समजावून सांगतो. बँकेतला माणूस दिवंगत सभासदाच्या पत्नीचे कुटुंब निवृत्तिवेतन सुरू होईपर्यंत कागदांचा पाठपुरावा करतो. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधण्यासाठी निजामकालीन दफ्तरे उघडली गेली, तेव्हा मोडी आणि उर्दू वाचणाऱ्यांची किती टंचाई आहे हे सर्वांना दिसले. हे वाचन येणारी पिढी वयोवृद्ध आहे. तिच्याकडून ते शिकून घेण्याचे वर्ग संघांनी चालवावेत, इतके हे काम तातडीचे आहे.

नांदेडला सेवेची आणखी एक थोर परंपरा डोळ्यांसमोर आहे. सचखंड श्री हुजूर साहिब गुरुद्वाऱ्यात रोजच्या लंगरमध्ये वयस्क स्त्री-पुरुष पोळ्या लाटतात, भांडी घासतात, जोडे सांभाळतात. वय झाले म्हणून सेवेतून सुटका मागायची नसते, हा धडा या शहराला रोज मिळतो.

संकटाच्या काळात

लातूरच्या संघांत १ ऑक्टोबरचा आदला दिवस विसरणे शक्य नसते. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंप झाला. अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून गावे झोपली होती. किल्लारी, सास्तूर आणि आसपासच्या गावांतील आठ हजारांच्या जवळपास माणसे गेली. त्या दिवसांत मदतकेंद्रांवर राबलेले शिक्षक, तलाठी, डॉक्टर, एस.टी.चे चालक आज संघांचे सभासद आहेत. संघांनी त्यांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करून ठेवल्या, तर तो जिल्ह्याचा ठेवा ठरेल.

२०१६ मध्ये लातूरचे पाणी संपले. १२ एप्रिलला मिरजेहून पाच लाख लिटर पाणी घेऊन पहिली रेल्वे आली. त्याच उन्हाळ्यात लोकवर्गणीतून मांजरा नदीचे खोलीकरण आणि रुंदीकरण करणारी ‘जलयुक्त लातूर’ ही चळवळ उभी राहिली. १९६६ मध्ये लातूरला विवेकानंद रुग्णालय सुरू करणाऱ्यांपैकी एक आणि पुढे २०१९ मध्ये पद्मभूषण मिळालेले डॉ. अशोक कुकडे पंच्याहत्तरी ओलांडूनही या कामात अग्रभागी होते. शहराचा विश्वास बसेल अशी ज्येष्ठ माणसे पुढे असली की वर्गणी देणारा हात आखडत नाही, हे लातूरने तेव्हा पाहिले.

मार्च २०२० च्या टाळेबंदीत साठीपुढच्यांनी घरातच थांबावे असे सांगण्यात आले आणि कट्टे रिकामे झाले. त्या काळात संघ फोनवर चालला. ज्यांनी मोबाइलवर फक्त हिरवे बटण दाबले होते ते नातवंडांकडून व्हिडिओ सभा शिकले. १ मार्च २०२१ पासून साठीपुढच्यांचे लसीकरण सुरू झाल्यावर नावनोंदणी करून देणे हे मोठे काम झाले. त्या दोन वर्षांत आपण अनेक सभासद गमावले. इतिवृत्तातील श्रद्धांजलीची पाने त्याची साक्ष आहेत.

हक्कांची बाजू

विरंगुळा आणि हक्क या दोन्ही गोष्टी संघाने बरोबर चालवल्या. आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा कायदा २००७ मध्ये झाला, तरी मुलाविरुद्ध उपविभागीय अधिकाऱ्याकडे अर्ज करायला कोणी धजत नाही. अशा घरी आधी संघाचे दोन ज्येष्ठ जाऊन बोलतात आणि अनेकदा तेवढ्याने भागते. राज्याच्या धोरणात ज्येष्ठत्वाचे वय ६५ वरून ६० वर आले ते ९ जुलै २०१८ च्या शासन निर्णयाने. २६ ऑगस्ट २०२२ पासून पंच्याहत्तरीपुढच्यांना एस.टी.चा प्रवास मोफत झाला. रेल्वेची सवलत मात्र मार्च २०२० मध्ये बंद झाली, ती मिळवण्यासाठी निवेदने द्यावी लागत आहेत. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीपुढच्या प्रत्येकाला पाच लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांसाठी आयुष्मान कार्ड मिळू लागले; ते काढून देण्याची शिबिरे भरवणे हे आजचे काम आहे.

राहून गेलेले सभासद

इतिहास प्रामाणिकपणे लिहायचा तर उणीवही लिहिली पाहिजे. आपले संघ दीर्घकाळ पेन्शनर पुरुषांचे राहिले. स्त्रिया वार्षिक स्नेहसंमेलनाला आल्या, रांगोळी आणि पाककृतीच्या स्पर्धेत राहिल्या. कार्यकारिणीत फार थोड्या आल्या. खरे तर वयाच्या या टप्प्यावर एकटेपण त्यांच्या वाट्याला अधिक येते. त्यांच्याकडे काय आहे हे आपण नीट पाहिलेले नाही. जात्यावरच्या ओव्या तोंडपाठ असणाऱ्या, जुन्या लुगड्यांची वाकळ शिवणाऱ्या, बियाणे राखेत जपून ठेवणाऱ्या स्त्रिया प्रत्येक वसाहतीत आहेत. जेथे महिला ज्येष्ठ नागरिक मंडळे स्वतंत्रपणे उभी राहिली, तेथे हजेरीची चिंता कधी करावी लागली नाही.

दुसरी उणीव याहून मोठी आहे. २०११ च्या जनगणनेनुसार नांदेड जिल्ह्याची लोकसंख्या ३३ लाख ६१ हजार आणि लातूरची २४ लाख ५४ हजार होती. महाराष्ट्रात त्या वेळी दर शंभरांत जवळपास दहा माणसे साठीपुढची होती. त्या प्रमाणात पाहिले तर दोन्ही जिल्ह्यांत मिळून साडेपाच लाखांहून अधिक ज्येष्ठ असले पाहिजेत, आणि आज त्याहूनही जास्त. यांतील बहुसंख्य शेतकरी, शेतमजूर, हमाल, कारागीर आहेत. त्यांचा आधार म्हणजे श्रावणबाळ योजनेचे महिना दीड हजार रुपये. मुलगा पुण्याला कामाला, सून-नातवंडे त्याच्याबरोबर आणि गावात दोन म्हातारी माणसे, हे चित्र मुखेडपासून निलंग्यापर्यंत सगळीकडे आहे. त्यांना वर्गणीची पावती फाडायला सांगून चालणार नाही.

शिवाय पेन्शनरांची ही पिढीही कायमची नाही. १ नोव्हेंबर २००५ नंतर राज्य सेवेत आलेल्यांना जुनी पेन्शन योजना लागू राहिली नाही. पंधरा-वीस वर्षांनी निवृत्त होणाऱ्या सभासदाची आर्थिक स्थिती आजच्या सभासदासारखी असेलच असे नाही. संघ केवळ वर्गणीवर उभा असेल, तर तो तोवर टिकणार नाही.

आवाहन

म्हणून या स्मरणिकेच्या वाचकांना तीन विनंत्या आहेत. प्रत्येक संघाने आपली जुनी इतिवृत्ते, छायाचित्रे आणि हजेरीपत्रके एका जागी आणून त्यांच्या प्रती काढाव्यात. नाहीतर हा इतिहास लिहिणाऱ्यांबरोबर संपेल. प्रत्येक कार्यकारिणीत निम्म्या जागा स्त्रियांना द्याव्यात आणि त्यांतील एक पद अध्यक्षाचे किंवा सचिवाचे असावे. आणि प्रत्येक सभासदाने या वर्षी पेन्शन नसलेल्या एका शेजाऱ्याला संघात आणावे आणि त्याची वर्गणी संघाने भरावी. आपल्या आई-वडिलांना गावच्या पारावर बसायला कोणी कधी पैसे मागितले नव्हते.